ग्रंथाची पत आणि कामाची पत



छापील अक्षराला समाजात फार मोठा मान आहे. "पुस्तकात तसे लिहिले आहे" एवढे म्हटले की पुष्कळदा वाद मिटतो. आणि ज्याच्या नावावर पुस्तक आहे तो त्या विषयाचा जाणकार असलाच पाहिजे, अशी सर्वसामान्य समजूत असते. ही समजूत निराधार नव्हती. ग्रंथ सिद्ध करणे हे पूर्वी कष्टाचे व खर्चाचे काम होते. लेखकाचे हस्तलिखित प्रकाशकाच्या, संपादकाच्या आणि बहुधा त्या विषयातील एखाद्या जाणत्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय मुद्रणालयात पोहोचत नसे. त्यामुळे पुस्तक हातात पडले, म्हणजे त्याची थोडीफार पारख आधीच झालेली आहे, असे वाचकाने मानले तर त्यात वावगे काही नव्हते.

आज ही परिस्थिती राहिलेली नाही. शंभर प्रती हव्या असतील तर शंभरच छापता येतात. स्वखर्चाने पुस्तक काढणे आवाक्यात आले आहे. लेखनही दुसऱ्याकडून करवून घेता येते. व्यवसायाच्या क्षेत्रात तर पुस्तक हे सल्लागाराचे ओळखपत्र होऊन बसले आहे. व्यवस्थापन, विक्रीकला, गुंतवणूक, प्रक्रिया उद्योग अशा विषयांवर पुस्तक लिहावे, त्यायोगे तज्ज्ञ म्हणून नाव व्हावे आणि नाव झाले म्हणजे कामे मिळावीत, असा हा क्रम आहे. या क्रमात मुळातच काही गैर आहे असे नाही. परंतु त्यातून एक प्रश्न निर्माण होतो, आणि त्याचा संबंध केवळ ग्रंथव्यवहाराशी नाही. एखादा सल्लागार आपले पुस्तक घेऊन पंचायतीपुढे, सहकारी संस्थेच्या संचालक मंडळापुढे किंवा शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे येतो, आणि त्याच्या शब्दावर विसंबून प्रकल्पाला मंजुरी दिली जाते. तेव्हा पणाला लागलेला असतो तो लोकांचा पैसा. ग्रंथाची पत कोठून येते आणि ती पारखावी कशी, हे जाणून घेणे म्हणूनच सार्वजनिक जबाबदारी वाहणाऱ्या प्रत्येकाला आवश्यक आहे.

या प्रश्नाचा उलगडा तात्त्विक चर्चेपेक्षा प्रत्यक्ष उदाहरणांतून अधिक चांगला होतो. व्यवसायविषयक ग्रंथांच्या इतिहासात अशी काही उदाहरणे आहेत की, ज्यांत ग्रंथाने लेखकाला पत मिळवून दिली, आणि ती पत कशाच्या आधारावर उभी होती हेही पुढे काळाच्या ओघात उघड झाले.

हेतू उघड सांगणारा लेखक

पहिले उदाहरण डेव्हिड ऑगिल्व्ही यांचे. १९११ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या गृहस्थाने ऑक्सफर्डचे शिक्षण पदवी न घेताच सोडले. पॅरिसमधील एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्याने काम केले. नंतर स्कॉटलंडमध्ये दारोदार हिंडून तो 'आगा' नावाच्या स्वयंपाकाच्या शेगड्या विकू लागला. विक्री इतकी चांगली झाली की, इतर विक्रेत्यांसाठी मार्गदर्शिका लिहिण्याचे काम कंपनीने त्यालाच दिले. १९३५ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने ती लिहिली. पुढे अमेरिकेत जाऊन जॉर्ज गॅलप यांच्या लोकमत-संशोधन संस्थेत त्याने काम केले. एखादी गोष्ट लोकांना आवडेल की नाही हे अंदाजाने न ठरवता मोजून पाहावे, हा धडा त्याला तेथे मिळाला. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने जाहिरातसंस्था काढली.

संस्था चालू लागली, तिच्या जाहिराती गाजल्या, मोठमोठी गिऱ्हाइके मिळाली. आणि त्यानंतर, १९६२ च्या उन्हाळी सुटीत, ऑगिल्व्ही यांनी आपल्या व्यवसायावर पुस्तक लिहिले. ते १९६३ साली 'कन्फेशन्स ऑफ अ‍ॅन अ‍ॅडव्हर्टायझिंग मॅन' या नावाने प्रसिद्ध झाले. पुस्तक का लिहिले, हे त्यांनी पुढे एका आवृत्तीच्या प्रास्ताविकात आडपडदा न ठेवता सांगितले आहे. संस्थेला नवी गिऱ्हाइके मिळावीत, तिचे भाग पुढे बाजारात विक्रीस काढायचे होते त्यासाठी अनुकूल वातावरण तयार व्हावे आणि उद्योगजगतात आपले नाव व्हावे, असे तीन हेतू त्यांच्या मनात होते. तिन्ही साध्य झाले. चार हजार प्रती खपतील अशी लेखकाची अपेक्षा होती. प्रत्यक्षात पुस्तक चौदा भाषांत गेले आणि त्याच्या सुमारे दहा लाख प्रती विकल्या गेल्या. संस्थेचे भाग १९६६ साली बाजारात आले. गंमत अशी की, पुस्तकाचे हक्क लेखकाने आपल्या मुलाला एकविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून आधीच देऊन टाकले होते.

पत मिळविण्याच्या हेतूने लिहिलेले पुस्तक वाचकाच्याही उपयोगाचे ठरू शकते, हे या उदाहरणावरून दिसते. मात्र ते उपयोगाचे का ठरले, हे पाहिले पाहिजे. ऑगिल्व्ही यांनी आपली विद्या राखून ठेवली नाही. गिऱ्हाईक कसे मिळवावे, ते कसे टिकवावे, गिऱ्हाइकाने जाहिरातसंस्थेशी कसे वागावे, जाहिरातीचा मथळा कसा असावा, मजकूर कसा लिहावा, हे सारे त्यांनी स्पष्ट नियमांच्या रूपाने मांडले. मजकूर वाचणाऱ्यांच्या पाचपट लोक केवळ मथळा वाचतात, यासारखी विधाने त्यांनी वाचकांच्या पाहणीच्या आधारे केली. ही विधाने प्रतिस्पर्ध्यालाही पडताळून पाहता येण्याजोगी होती. ज्या जाहिरातींच्या जोरावर ते बोलत होते त्या वृत्तपत्रांतून आणि मासिकांतून हजारो लोकांनी पाहिलेल्या होत्या. एवढेच नव्हे, तर जाहिरात हा प्रकार बंदच करावा काय, या प्रश्नाला त्यांनी पुस्तकातील शेवटचे प्रकरण दिले. स्वतःच्या धंद्यावर घेतले जाणारे आक्षेप त्यांनी झाकून ठेवले नाहीत.

पुस्तकाच्या आधी चौदा वर्षांची संस्था होती, संस्थेच्या आधी संशोधनाचा अनुभव होता आणि त्याच्याही आधी दारोदार हिंडून केलेली विक्री होती. पुस्तकाने जी पत निर्माण झाल्यासारखी वाटते, ती वस्तुतः आधीच कमावलेली होती. पुस्तकाने ती दूरवर पोहोचविली, एवढेच.

एकाच लेखकाचे दोन ग्रंथ

दुसरे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांचे नाव व्यवस्थापनशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या काही पानांतच येते. १८५६ साली फिलाडेल्फियात जन्मलेले टेलर हे हाडाचे यंत्रज्ञ होते. लेथवर धातू कापताना यंत्राचा वेग किती ठेवावा, हत्याराचा आकार कसा असावा, काप किती खोल घ्यावा, या प्रश्नांवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तब्बल सव्वीस वर्षे प्रयोग केले. नोंदलेल्या प्रयोगांची संख्या तीस ते पन्नास हजारांच्या घरात होती. त्यांसाठी आठ लाख पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ३६० टन, पोलाद व लोखंड कापून त्याचा कीस करण्यात आला. या कामाच्या ओघातच माँसेल व्हाइट यांच्यासमवेत त्यांनी हत्यारांच्या पोलादावर उष्णतेची नवी प्रक्रिया शोधून काढली आणि हत्यारे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने चालू लागली. १९०६ साली अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष या नात्याने टेलर यांनी हे सारे काम 'ऑन द आर्ट ऑफ कटिंग मेटल्स' या प्रदीर्घ निबंधात मांडले. आकडे, आकृत्या, कोष्टके, प्रयोगाची रीत, चुका हे सर्व त्यात होते. कोणत्याही कारखान्यातील कारागिराने आपल्या लेथवर त्याची प्रचीती घ्यावी, असे ते लेखन होते.

तथापि टेलर यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते या निबंधामुळे नव्हे. १९१० साली अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर वाढवून मागितले. त्या प्रकरणात व्यापाऱ्यांची बाजू मांडणारे वकील लुई ब्रँडाइस यांनी असा मुद्दा पुढे केला की, रेल्वेने शास्त्रीय व्यवस्थापन अंगीकारले तर दरवाढीची गरजच उरणार नाही. रोज दहा लाख डॉलरची बचत होऊ शकते, अशी साक्षही झाली. वृत्तपत्रांनी हा विषय उचलून धरला, आणि शास्त्रीय व्यवस्थापन म्हणजे काय, हे जाणून घेण्याची उत्कंठा सर्वत्र निर्माण झाली. १९११ साली टेलर यांचा 'द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' हा छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध झाला. अभियंत्यांच्या संस्थेने हस्तलिखित बरेच दिवस निर्णयाविना ठेवले, तेव्हा टेलर यांनी ते परत घेऊन स्वखर्चाने छापले आणि संस्थेच्या सभासदांना वाटले. या ग्रंथाने त्यांना व्यवस्थापनाचे आद्य तज्ज्ञ म्हणून जगन्मान्यता मिळवून दिली.

या ग्रंथातील सर्वांत गाजलेली कथा एका मजुराची आहे. टेलर यांनी त्याला 'श्मिट' असे नाव दिले. बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाचे सुमारे ९२ पौंड वजनाचे ठोकळे उचलून रेल्वेच्या वाघिणीत भरण्याचे काम होते. एक मजूर दिवसाला सरासरी साडेबारा टन माल भरीत असे. शास्त्रीय अभ्यासाने ठरविलेल्या रीतीनुसार, केव्हा उचलायचे आणि केव्हा विसावा घ्यायचा हे सांगून, श्मिटकडून दिवसाला साडेसत्तेचाळीस टन काम करून घेण्यात आले आणि त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली, असे टेलर सांगतात. काम जवळजवळ चौपट झाले आणि मजुरी साठ टक्क्यांनी वाढली. त्याबरोबरच असे काम करणारा माणूस बुद्धीने बैलासारखा मंद असतो, असेही त्यांनी लिहिले.

ही कथा साठ वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांतून सांगितली गेली. अखेर १९७४ साली चार्ल्स रेगी आणि अमेदेओ पेरोनी या दोन अभ्यासकांनी कारखान्याच्या जुन्या नोंदी आणि टेलर यांचे वेगवेगळ्या वेळचे निवेदन समोरासमोर ठेवून तपासले. टेलर यांनी ही हकीकत निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळ्या तऱ्हेने सांगितली होती, असे त्यांना आढळले. ग्रंथात वर्णिलेली मजुरांची शास्त्रीय निवड नोंदींत दिसत नव्हती. काही धट्ट्याकट्ट्या मजुरांनी अगदी थोड्या वेळात जोर लावून जेवढा माल भरला, त्यावरून पूर्ण दिवसाचा आकडा काढण्यात आला होता. विश्रांती व विलंब यांसाठी त्यातून जी मोठी वजावट केली, तिला प्रयोगाचा आधार नव्हता. नव्या दराने काम करण्यास नकार देणाऱ्या मजुरांना कामावरून कमी करण्यात आले होते. आणि ज्याला बैलाची उपमा दिली गेली, तो हेन्री नॉल नावाचा माणूस दिवसभराच्या मजुरीनंतर स्वतःच्या जागेवर स्वतःचे घर बांधीत होता. १९७८ साली रेगी यांनी आणखी एका अभ्यासकाच्या साहाय्याने असेही दाखवून दिले की, या ग्रंथाचा बराच भाग टेलर यांचे सहकारी मॉरिस कुक यांच्या हस्तलिखितावरून घेतलेला होता.

परिणाम भोगणारे कोण?

या सर्वांत केवळ एका लेखकाच्या कीर्तीचा प्रश्न असता तर तो इतिहासकारांवर सोपविता आला असता. पण ग्रंथाला मिळालेल्या प्रतिष्ठेमुळे तो कारखान्यांच्या दारात पोहोचला होता. ऑगस्ट १९११ मध्ये वॉटरटाउन येथील अमेरिकन सरकारच्या युद्धसाहित्य कारखान्यात ओतशाळेतील कामगारांच्या हालचाली स्टॉपवॉच लावून मोजण्यास सुरुवात होताच त्यांनी काम बंद केले. अमेरिकन काँग्रेसच्या विशेष समितीने या पद्धतीची चौकशी केली. जानेवारी १९१२ मध्ये टेलर यांची समितीपुढे प्रदीर्घ साक्ष झाली. १९१५ साली, म्हणजे टेलर ज्या वर्षी निवर्तले त्याच वर्षी, लष्करी खर्चाला मंजुरी देताना काँग्रेसने या कारखान्यांत स्टॉपवॉचने कामगारांचे काम मोजण्यावर निर्बंध घातला.

धातू कापण्यावरचा टेलर यांचा निबंध आणि श्मिटची कथा ही एकाच माणसाची निर्मिती आहे. पहिलीच्या पाठीशी सव्वीस वर्षांच्या नोंदी होत्या. दुसरीच्या पाठीशी एक आकर्षक गोष्ट होती, आणि वाचकांनी पहिलीची पत दुसरीला बहाल केली. यंत्राच्या बाबतीत जो माणूस निर्विवाद तज्ज्ञ होता, तो माणसांच्या बाबतीतही तितकाच तज्ज्ञ असणार, असे गृहीत धरले गेले. तज्ज्ञतेची ही हद्द ओलांडली जाते, तेव्हा लेखकाला फारसे काही सोसावे लागत नाही. सोसावे लागते ते वाघिणीत लोखंड भरणाऱ्याला. त्या मजुराला पुस्तक लिहिण्याची संधी नव्हती; त्याची बाजू उजेडात यायला साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

यजमानाला न रुचलेला ग्रंथ

पुस्तकाने पत कशी निर्माण होते, याची आणखी एक तऱ्हा पीटर ड्रकर यांच्या उदाहरणात दिसते. व्हिएन्ना येथे १९०९ साली जन्मलेले ड्रकर अमेरिकेत स्थायिक झाले होते. १९४३ साली जनरल मोटर्स या त्या काळच्या बलाढ्य कंपनीने आपल्या अंतर्गत व्यवस्थेचा अभ्यास करण्यासाठी त्यांना पाचारण केले. सुमारे दीड वर्ष ते कंपनीच्या बैठकांना बसले, कारखान्यांत हिंडले, अधिकाऱ्यांशी व कामगारांशी बोलले. त्या अभ्यासातून १९४६ साली 'कॉन्सेप्ट ऑफ द कॉर्पोरेशन' हा ग्रंथ निर्माण झाला.

यजमान कंपनीची स्तुतिस्तोत्रे त्यात असती तर ती कंपनीने आनंदाने वाटली असती. ड्रकर यांनी कंपनीच्या विकेंद्रित रचनेचे कौतुक केले खरे. पण तिने आपल्या जुन्या धोरणांचा फेरविचार करावा, कामगारांना कारखान्याच्या जीवनात अधिक जबाबदारी द्यावी, अशा सूचनाही केल्या. कंपनीला त्या रुचल्या नाहीत. तिचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन हे पुस्तक अस्तित्वातच नाही अशा रीतीने वागले, आणि १९६४ साली त्यांनी कंपनीची हकीकत सांगणारा स्वतःचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही त्याची दखल घेतली नाही. परंतु इतर उद्योगांनी ड्रकर यांचे पुस्तक वाचले, आणि व्यवस्थापनाचे अभ्यासक म्हणून त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचा पाया त्याच पुस्तकाने घातला. ज्याने आमंत्रण दिले त्यालाही अप्रिय वाटेल ते सांगण्याची तयारी लेखकाने दाखविली, म्हणून परक्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

महाराष्ट्रातील दाखला

काम आधी आणि ग्रंथ मागाहून, या क्रमाचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवरही आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियंता होऊन १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. पुण्याजवळील खडकवासला धरणावर धरणाच्या भिंतीची उंची न वाढविता अधिक पाणी साठावे, आणि पूर आल्यास जादा पाणी आपोआप वाहून जावे, अशी स्वयंचलित दारे त्यांच्या आराखड्यानुसार १९०३ साली बसविण्यात आली. कालव्याचे पाणी थोड्याच शेतांत अतोनात मुरू नये व अधिक गावांना त्याचा लाभ व्हावा, यासाठी नीरा कालव्याच्या क्षेत्रात त्यांनी ब्लॉक पद्धत सुचविली. पुढे ते म्हैसूर संस्थानचे दिवाण झाले.

'रिकन्स्ट्रक्टिंग इंडिया' हे त्यांचे पुस्तक १९२० सालचे, तर देशाच्या दशवार्षिक आर्थिक योजनेची कल्पना मांडणारे 'प्लॅन्ड इकॉनॉमी फॉर इंडिया' १९३४ सालचे. ते प्रसिद्ध झाले तेव्हा लेखकाचे वय सत्तरीच्या पुढे होते. दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याचा विचार एखाद्या नवशिक्याने मांडला असता तर तो स्वप्नरंजन म्हणून बाजूला सारला गेला असता. विश्वेश्वरय्यांचे म्हणणे लोकांनी ऐकून घेतले, कारण खडकवासल्याची दारे तीस वर्षे पाण्याचा भार झेलीत उभी होती.

पडताळणीचा प्रश्न घरगुती विषयातही तितकाच खरा आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पाककृतींचे पुस्तक १९७० साली निघाले आणि मराठी घराघरांत पोहोचले. लेखिकेच्या नावामागे पदव्यांची माळ नव्हती. पण "अंदाजाने घालावे" असे मोघम न सांगता वाटी आणि चमचा यांच्या मापाने प्रमाण दिलेले असल्यामुळे नवशिक्या गृहिणीलाही त्याची परीक्षा आपल्याच चुलीवर, त्याच दिवशी घेता येत होती. पदार्थ जमला की लेखिकेवरचा विश्वास वाढे. तज्ज्ञतेचा याहून प्रामाणिक पुरावा सापडणे कठीण.

पारख कशी करावी?

या उदाहरणांवरून काही कसोट्या निघतात. पंचायतीपुढे किंवा संस्थेपुढे एखादा तज्ज्ञ पुस्तक घेऊन आला तर पहिला प्रश्न असा विचारावा : या पुस्तकाच्या आधी काय आहे? लेखकाने सांगितलेला धंदा त्याने स्वतः किती वर्षे केला, कोठे केला, आणि ते ठिकाण जाऊन पाहता येईल काय? दुग्धव्यवसायावर पुस्तक असेल तर गोठा पाहावा, फळप्रक्रियेवर असेल तर तेथील कारखान्याचा ताळेबंद पाहावा.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. यशाची गोष्ट सांगितलेली असेल, तर तिच्यातील आकडे कोणाच्या नोंदवहीतून आले? ते एका दिवसाचे आहेत की पूर्ण वर्षाचे? पावसाळ्याचे की उन्हाळ्याचे? गोष्ट जितकी चटकदार, तितकी चौकशी अधिक कसून करावी. श्मिटच्या कथेने हाच इशारा दिला आहे.

तिसरा प्रश्न हद्दीचा. लेखक ज्या विषयात मुरलेला आहे त्याच विषयावर तो बोलत आहे, की त्या विषयात मिळविलेल्या नावावर दुसऱ्याच विषयात सल्ला देत आहे? चौथा प्रश्न अपयशाचा. कोठे चुकले, काय फसले, कोणत्या जमिनीत, कोणत्या बाजारात ही रीत लागू पडत नाही, हे पुस्तकात आहे काय? ज्या पुस्तकात एकही अपयश नाही ते बहुधा अर्धेच लिहिलेले असते. आणि शेवटचा प्रश्न परिणामाचा. सल्ला फसला तर नुकसान कोणाचे होईल, आणि ज्याचे होईल त्याचे म्हणणे कोणी विचारले आहे काय?

हे प्रश्न विचारण्यात तज्ज्ञाचा अवमान होत नाही. खऱ्या जाणकाराला असे प्रश्न हवेच असतात, कारण त्यांची उत्तरे त्याच्यापाशी तयार असतात.

न लिहिलेले ग्रंथ

या विषयाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे काहीच नाही त्यांची पुस्तके निघतात, आणि ज्यांच्यापाशी खूप आहे ते लिहीत नाहीत. तोट्यातील सोसायटी सावरणारा सचिव, टंचाईच्या गावात पाण्याचा हिशेब बसविणारा ग्रामसेवक, मुलांची गळती थांबविणारा शिक्षक, महिलांच्या बचत गटाचा छोटा उद्योग वर्षानुवर्षे फायद्यात चालविणारी कार्यकर्ती, यांच्या अनुभवाची किंमत मोठी असते. तो अनुभव निवृत्तीबरोबर किंवा बदलीबरोबर नाहीसा होतो, आणि पुढच्या माणसाला पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागते.

अशा माणसांनी लिहावे. आपले नाव व्हावे, या इच्छेनेही लिहिण्यास हरकत नाही. ऑगिल्व्ही यांनी तेच केले. मात्र त्यासाठी तयारी पुस्तकाच्या पहिल्या पानापासून नव्हे, तर कामाच्या पहिल्या दिवसापासून करावी लागते. तारीखवार नोंदवही ठेवणे, खर्चाचे व उत्पन्नाचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेणे, चुका न खोडणे, सहकाऱ्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांच्या नावावर लिहिणे, एवढे साधले तर पुस्तकाचा मोठा भाग तयार होतोच. मग भाषा साधी असली तरी चालते. चाळीस पानांची पुस्तिका असली तरी पुरे. तिच्यात सांगितलेले शेजारच्या गावाने करून पाहिले आणि ते जमले, म्हणजे लेखक तज्ज्ञ ठरला.

पत हा शब्द देवघेवीच्या व्यवहारातील आहे. ज्याची पत असते त्याच्या शब्दावर लोक पैसे सोडतात, कारण मुदतीला फेड होईल अशी त्यांची खात्री असते. ग्रंथही अशीच एक वचनचिठ्ठी आहे. लेखक तिच्यावर सही करतो, आणि वाचक जेव्हा जेव्हा त्यातील सल्ला शेतात, दुकानात, कारखान्यात किंवा कार्यालयात वापरून पाहतो, तेव्हा तेव्हा ती चिठ्ठी वटविण्यासाठी पुढे येते. सहीमागे कामाची शिल्लक असेल तर ती प्रत्येक वेळी वटते आणि पत वाढत जाते. शिल्लक नसेल तर पहिली चिठ्ठी परत येण्यास वेळ लागतो, कधी साठ वर्षेही लागतात. परंतु तोवर तिची भरपाई दुसऱ्याच कोणाच्या तरी घामातून होत असते. लिहिणाऱ्याने सही करण्यापूर्वी आणि वाचणाऱ्याने विश्वास टाकण्यापूर्वी ही शिल्लक तपासून पाहावी.